गड, कोट आणि कॅम्प

मराठीत दुर्गवाङ्मयाची उणीव आहे, असे कोणी म्हणणार नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी चिंतामण गंगाधर गोगटे यांनी ‘महाराष्ट्र देशातील किल्ले’ हा ग्रंथ सिद्ध केला. तेथपासून गो. नी. दांडेकरांच्या ‘दुर्गभ्रमणगाथे’पर्यंत आणि त्यानंतरच्या असंख्य भटकंती-पुस्तकांपर्यंत हा प्रवाह अखंड वाहतो आहे. आमच्या सीमाभागातही त्याचे पाट पोचले आहेत. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा या गावी भरणाऱ्या मराठी साहित्य संमेलनांत शिवकालाचा आणि गडकोटांचा उल्लेख आल्याशिवाय सहसा समारोप होत नाही. असे असताना बेळगावच्या भुईकोट किल्ल्याविषयी आणि त्याच्या सावलीत वाढलेल्या लष्करी कॅम्पाविषयी मनापासून लिहिलेले मराठी लेखन आमच्या वाचनात फारच थोडे आले. ज्या वास्तूभोवती आमचे शहर उभे राहिले, तिच्याविषयी आमचे वाङ्मय इतके मितभाषी का, हा प्रश्न येथे विचारार्थ घेत आहोत.

पहिले कारण रुचीचे आहे. मराठी मनाने ‘किल्ला’ या शब्दाचा अर्थ ‘गिरिदुर्ग’ असाच ठरवून टाकला आहे. दांडेकरांची थोरवी अशी की, त्यांनी गड पायांनी वाचला. चढणीची धाप, टाक्यातले पाणी, माचीवरची माणसे यांसह तो त्यांच्या गद्यात उतरला. मात्र त्यांच्या अनुयायांनी त्यांच्या पायांपेक्षा त्यांचा गहिवर अधिक उचलला. मग गड म्हणजे गहिवराचे निमित्त झाले. भुईकोटात ना चढण, ना कडा, ना धुके. तेथे रिक्षाने जाता येते. गहिवराला आवश्यक असलेला दुरावा तेथे नाही, म्हणून तो लेखनाला अपात्र ठरला, असे आम्हांस वाटते.

दुसरे कारण अधिक अवघड आहे. बेळगावचा किल्ला कोणा एकाचा नाही. रट्ट राजवटीतील बिचिराजाच्या नावाशी त्याची उभारणी जोडली जाते. आतील कमल बसदी १२०४ची आहे. १४७२-७३ च्या सुमारास महमूद गवानाने बहमनी सुलतानासाठी बेळगाव जिंकले. पुढे आदिलशाहीत असदखान लारीच्या काळात आत सफा मशीद उभी राहिली. पेशवाईची शिबंदी येथे होती आणि १८१८ साली थॉमस मन्रोच्या सैन्याने सुमारे तीन आठवड्यांच्या वेढ्यानंतर एप्रिलमध्ये तो घेतला. प्रवेशाशी दुर्गादेवीचे मंदिर, आत जैन बसदी, मशीद, रामकृष्ण आश्रम आणि लष्कराची ठाणी, असा हा एकाच खंदकाच्या आतला संसार आहे. ज्या प्रदेशात १ नोव्हेंबर १९५६ पासून प्रत्येक पाटीची भाषा वादाचा विषय झाली, तेथे असा सर्वांचा किल्ला कोणाच्याच उपयोगाचा राहत नाही. कन्नड लेखकाला कित्तूर आपले वाटते. १८२४ साली थॅकरेचा पाडाव करणारी राणी चन्नम्मा ही त्याची हक्काची नायिका आहे, आणि ते यथार्थच आहे. मराठी लेखक येळ्ळूरच्या राजहंसगडाकडे वळतो. तेथे शिवरायांचा पुतळा उभारला गेला, त्याचे अनावरण २०२३च्या मार्च महिन्यात दोन पक्षांनी दोनदा केले, आणि गडाच्या इतिहासापेक्षा त्या समारंभांविषयीच अधिक शाई खर्च झाली. मधला बेळगावचा कोट मात्र दोघांच्याही लेखणीतून निसटला.

लेखक ज्या जागा सोडतात, तेथे दंतकथा वस्तीला येतात. या किल्ल्यात महात्मा गांधी कैदेत होते, असे प्रवासी माहितीत वारंवार छापले जाते. गांधीजींच्या दीर्घ कारावासांच्या ज्ञात नोंदींत येरवडा आहे, आगाखान पॅलेस आहे. बेळगावचा किल्ला नाही. ते १९२४ साली बेळगावी आले ते काँग्रेसच्या अधिवेशनाचे अध्यक्ष म्हणून. त्यांनी अध्यक्षपद भूषविलेले ते एकमेव अधिवेशन. एवढा खरा मान पदरी असताना खोट्या कैदेचा दागिना आम्ही का मिरवावा? चुकीची माहिती छापणाऱ्यांना दोष देणे सोपे आहे. पण ती तपासून पाहणारा एकही निबंध वाचकाच्या हाती सहज लागत नसेल, तर तो दोष लिहिणाऱ्या आम्हां सर्वांचा आहे.

येथे थोडे दूर, अमेरिकेकडे पाहणे उपयुक्त ठरेल. तेथील पश्चिम सीमेवरचे लष्करी ‘फोर्ट’ आपल्याला चित्रपटांतून ठाऊक आहेत: टोकदार लाकडांचा तट, बुरुजावर पहारेकरी, बाहेर घोड्यांवरून घोंघावणारे मूळ रहिवासी. वस्तुस्थिती अशी की, त्यांतील बहुसंख्य ठाण्यांना तटच नव्हता. मोकळे कवायतीचे मैदान, सभोवार बराकी, कोठारे, तबेले, अधिकाऱ्यांची घरे आणि कडेला व्यापाऱ्याचे दुकान, असे त्यांचे रूप होते. फोर्ट लारामी १८३४ साली कातड्यांच्या व्यापाराचे ठाणे म्हणून सुरू झाला. १८४९ मध्ये सैन्याने तो विकत घेतला. १८६८चा प्रसिद्ध करार तेथे झाला, आणि १८९० साली सैन्य तेथून निघून गेले. म्हणजे अमेरिकेचा ‘फोर्ट’ हा आपल्या राजगडाचा भाऊबंद नसून आपल्या कॅम्पाचा आहे. १८२७चा फोर्ट लेव्हनवर्थ आणि कित्तूरच्या उठावानंतरच्या दशकात आकारास आलेले बेळगावचे लष्करी ठाणे ही जवळजवळ एकाच पिढीची अपत्ये होत. नव्याने ताब्यात आलेल्या मुलखावर नजर ठेवणे, रस्ते राखणे, करार लादणे, हेच दोन्हीकडचे काम.

अमेरिकेतील इतिहासलेखनाने गेल्या काही दशकांत त्या चित्रपटी तटाला खिंडार पाडले. बराकीतले शिपाई, कपडे धुणाऱ्या बायका, दुभाषे, आणि ज्यांच्या भूमीवर ती ठाणी उभी राहिली ते लोक यांच्या बाजूने ती कथा पुन्हा लिहिली जाऊ लागली. आम्हांस नेमके हेच आमच्या कॅम्पाविषयी हवे आहे. १७६८ साली उभारलेल्या पलटणींशी नाते सांगणाऱ्या मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र १९२२ पासून बेळगावी आहे. याच रेजिमेंटच्या यशवंत घाडगे यांना १९४४ मधील आणि नामदेव जाधव यांना १९४५ मधील इटलीतील पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे यांना तो मरणोत्तर. एका परक्या साम्राज्यासाठी, परक्या भूमीवर, शिवरायांचा जयघोष करीत लढणारा हा मराठी शेतकरी-शिपाई म्हणजे केवढा कादंबरीविषय! त्याच्यावर गौरवलेख आहेत, स्मरणिका आहेत. त्याच्या मनातली ओढाताण सांगणारे पुस्तक मात्र आम्ही अजून शोधतो आहोत.

मराठीला असे लिहिता येत नाही, असे मुळीच नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’तील दुर्गप्रकरण वाचावे. तेथे गहिवर नाही. गडावर पाणी कसे राखावे, तोफांच्या हादऱ्याने झऱ्यांचे काय होते, कोणत्या हुद्द्यावर कसा माणूस नेमावा, याचा रोकडा विचार आहे. विष्णुभट गोडसे यांचा १९०७ साली प्रसिद्ध झालेला ‘माझा प्रवास’ वाचावा. दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेलेला हा वरसईचा भिक्षुक महूच्या छावणीजवळ शिपायांच्या तोंडून बंडाची कुणकुण ऐकतो आणि पुढे १८५८च्या वेढ्यात झाशीत अडकतो. गोळ्यांचा मारा, शहरात शिरलेले सैन्य, लूट, कत्तल, तहान, हे सारे तो स्वतःच्या भित्र्या, प्रामाणिक नजरेने सांगतो. आपण शूर होतो, असा आव तो कोठेही आणत नाही. म्हणूनच त्याची झाशी आजही खरी वाटते. अमात्यांचा रोकडेपणा आणि गोडशांचा प्रामाणिकपणा एकत्र आले, तर बेळगावच्या कोटाला त्याचा लेखक मिळेल.

आक्षेप असा येईल की, दंगलीत, आंदोलनात, भाषिक अन्यायात होरपळणाऱ्या समाजाला अभिमानाची गरज असते. त्याला चिकित्सा कशी परवडावी? हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. सीमाभागातील मराठी माणसाने आपली शाळा, आपली पाटी, आपले संमेलन टिकवण्यासाठी जे सोसले, त्यात गडांच्या स्मृतीने बळ दिले आहे. परंतु ज्या भूमीवर आम्ही हक्क सांगतो, तिचा अर्धाच इतिहास आम्हांला सांगता येत असेल, तर आमचा हक्कही तेवढाच दुबळा होतो. बसदी आणि मशीद यांच्यासह जो किल्ला आपला म्हणता येतो, तोच खऱ्या अर्थाने आपला.

आणि हा विषय केवळ गतकाळाचा नाही. सांबऱ्याची धावपट्टी १९४२ साली, महायुद्धाच्या धामधुमीत तयार झाली. १८ डिसेंबर १९६१ रोजी गोव्यातील बांबोळीच्या बिनतारी केंद्रावर हल्ला करणारी हंटर विमाने येथूनच उडाली. त्याच मोहिमेसाठी मेजर जनरल कँडेथ यांच्या सतराव्या डिव्हिजनची जमवाजमव बेळगाव परिसरात झाली होती. साडेचारशे वर्षांची एक राजवट अवघ्या दोन दिवसांत संपली. तट आणि खंदक जाऊन त्यांच्या जागी धावपट्टी आली. ठाण्याचे काम तेच राहिले. त्या पहाटे सांबऱ्याच्या शिवारात कोणी बैल जुंपले असतील, कोणी वर पाहिले असेल. त्या माणसांची पिढी आता विरळ होत चालली आहे. त्यांना विचारून कोणी लिहून ठेवणार आहे काय?

पुढल्या संमेलनात गडावरचे एक व्याख्यान कमी झाले तरी चालेल. त्याऐवजी एखाद्या निवृत्त सुभेदाराला, कॅम्पातल्या एखाद्या जुन्या शिंप्याला, धावपट्टीशेजारच्या एखाद्या शेतकऱ्याला बोलते करावे, अशी आमची संयोजकांना विनंती आहे. दुर्गवाङ्मयाचा पुढचा अध्याय त्यांच्यापाशी आहे.