ब्रुनेटींचा ग्रंथ आणि उसातली माशी

‘फौना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या ग्रंथमालेत द्विपंखी कीटकांवरचा तिसरा खंड १९२३ साली निघाला. लेखक एन्रिको ब्रुनेटी. हे गृहस्थ व्यवसायाने संगीतकार. कोलकात्यात राहून त्यांनी तेथील इंडियन म्युझियममधल्या माशांच्या संग्रहावर वर्षानुवर्षे काम केले. खंड आज इंटरनेटवर विनामूल्य वाचायला मिळतो. सातारा-सांगलीकडचे शिक्षक ‘माशा ओळखायला कोणते पुस्तक घ्यावे?’ असे विचारतात, तेव्हा त्यांना बहुधा याच मालेकडे बोट दाखवले जाते. दाखवणाऱ्यांत मीही आहे. पण शंभर वर्षांपूर्वीचा ग्रंथ हाती देताना तो कुठे साथ देतो आणि कुठे दगा देतो, हेही सांगितले पाहिजे.

पहिली अडचण पुस्तकाची नाहीच, आपल्या भाषेची आहे. मराठीत ‘माशी’ हा शब्द फार सैल आहे. मधमाशी, गांधीलमाशी आणि उसावरची पांढरी माशी यांपैकी एकही खरी माशी नाही. पहिल्या दोघी मुंग्यांच्या गोतातल्या, तर पांढरी माशी माव्याच्या. उलट डास आणि चिलटे यांना आपण माशी म्हणत नाही, पण ती आहेत मात्र माश्यांच्याच गणातली. ज्वारीची खोडमाशी आणि काकडी-दोडक्याची फळमाशी या खऱ्या माश्या. खूण सोपी आहे: उडण्याचे पंख दोनच, आणि मागच्या जोडीच्या जागी टोकाला गाठ असलेल्या दोन बारीक दांड्या. उडताना तोल सांभाळण्याचे काम त्या करतात. दहापट भिंगातून सातवीच्या मुलालाही त्या दिसतात. ब्रुनेटी ही खूण गृहीत धरून पुढे जातात. आपण वर्गात ती गृहीत धरू नये.

तिसऱ्या खंडाचा मोठा भाग सिर्फिड माश्यांचा आहे. फुलासमोर हवेत एका जागी तरंगणारी, पोटावर पिवळे-काळे पट्टे असलेली माशी आपण सर्वांनी पाहिलेली असते, आणि मधमाशी समजून तिच्यापासून हातही मागे घेतलेला असतो. तिच्या पंखात इतर शिरांना न जोडलेली एक आभासी शीर असते. त्या शिरेवरून कुल ठरते. यापुढे ब्रुनेटींची ओळख-किल्ली सुरू होते: दोन पर्याय, त्यांतला एक निवडायचा, पुन्हा दोन. ही पद्धत मला आजही फार आवडते, कारण निवड करण्यासाठी मुलाला माशीकडे पाहावेच लागते. मोबाइलवरचे अ‍ॅप छायाचित्रावरून नाव सांगते खरे, पण पाहण्याचे कामही तेच करून टाकते. शिवाय काही सिर्फिड जाती केवळ छायाचित्रावरून वेगळ्या करता येत नाहीत, तरीही अ‍ॅप बहुधा जातीचे नाव सुचवतेच.

ग्रंथाचे दोष आता. नावे जुनी झाली आहेत. ब्रुनेटींचा ‘सिर्फस बाल्टिएटस’ आज ‘एपिसिर्फस बाल्टिएटस’ आहे, ‘सिर्फस कॉन्फ्रेटर’ हा ‘युपिओडिस कॉन्फ्रेटर’. जातीचे नाव टिकले, प्रजातीचे बदलले, एवढे लक्षात ठेवले तर यात फारसे अडत नाही. नमुन्यांच्या ठिकाणांत दार्जिलिंग, सिमला वारंवार भेटतात, आपल्या दख्खनची गावे क्वचितच. म्हणून किल्लीत न बसणारी माशी जतच्या माळावर सापडली तर किल्ली अपुरी आहे असे समजावे. मुलाला चुकीचे ठरवू नये.

सगळ्यात मोठी उणीव मात्र वेगळीच आहे. ग्रंथ लिहिला आहे तो पंख फुटलेल्या माशीबद्दल, आणि शेतकऱ्याची गाठ पडते ती अळीशी.

जुलै २००२ मध्ये सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा दिसला आणि पाहता पाहता पश्चिम महाराष्ट्रभर पसरला. मी तेव्हा एम.एस्सी.ला होतो. वाळवा तालुक्यात मामांचा ऊस होता. पानांच्या खालच्या बाजूला कापूस चिकटल्यासारखा मावा आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या. मामांनी विचारले, “तू शिकतोयस ना हे? या अळ्या कसल्या?” मी म्हणालो, “कीडच असणार.” मामांनी मावा आणि अळ्या दोन्हींवर फवारणी केली. त्याआधी मी चार-सहा अळ्या कुतूहल म्हणून बाटलीत घातल्या होत्या. त्यांना पाय नव्हते, डोके वेगळे दिसत नव्हते. निमुळते तोंड डावीकडे-उजवीकडे हलवीत त्या मावा पकडत, शोषून घेत आणि रिकामी कातडी टाकून देत. त्यांचे थेंबासारखे कोष झाले आणि पुढे त्यांतून पट्टेदार सिर्फिड माश्या बाहेर आल्या. मामांचे मित्र आम्ही मारले होते.

त्या साथीत लोकरी माव्यावर जगणारे जे कीटक नोंदले गेले, त्यांत युपिओडिस कॉन्फ्रेटर ही सिर्फिड माशी होती. तिच्याबरोबर डिफा अ‍ॅफिडिव्होरा या पतंगाची अळी आणि मायक्रोमस हा जाळीदार पंखांचा कीटकही होता. डिफाच्या अळीला पाय असतात, सिर्फिडच्या अळीला नसतात, आणि तरी दोन्ही मावाच खातात. म्हणजे केवळ पायांवरून शत्रू-मित्र ठरत नाही. ती खाते काय, हे बसून पाहावे लागते. हे ब्रुनेटींच्या खंडात मिळणार नाही.

पण माझी दुसरी चूक त्यांच्याकडून सुधारून घेता आली असती. नमुना कुठला, कोणत्या तारखेचा, कोणी गोळा केला, हे ते काटेकोरपणे देतात. शंभर वर्षांनंतर ग्रंथ वापरता येतो तो त्यामुळे. मी त्या माश्या टाचणीवर लावल्या, चिठ्ठी लावली नाही. आज त्या पेटीत आहेत, पण महिना कोणता होता ते मला आठवत नाही, आणि त्यांतली एक बहुधा दुसऱ्याच शेतातली आहे. शाळांच्या कीटकपेट्यांत मी हेच पाहतो: सुंदर मांडणी आणि खाली फक्त ‘माशी’.

नोंदीत गाव लिहून भागत नाही, तालुकाही हवा. आपल्याकडे वडगावे किती आहेत! महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस, जतला त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. दोन्हीकडची एकच माशी दोन वेगळ्या गोष्टी सांगते. पीक वा फूल कोणते, हेही लिहावे. नाव कळले नाही तर ‘सिर्फिडी कुल, पुढे ओळखले नाही’ असे लिहावे. ही पूर्ण नोंद आहे, अपुरी नव्हे. कासच्या पठारावर काही पकडू नये, तिथे पाहणे आणि छायाचित्र एवढेच.

ज्यांच्या शाळेजवळ ऊस आहे, त्यांनी पावसाळ्यानंतर पानाची खालची बाजू पाहावी. अळी सापडली तर माव्यासकट पानाचा तुकडा बाटलीत घालावा आणि तोंडाला कापड बांधावे. चिठ्ठी मात्र बाटलीवर आधी चिकटवावी, अळी नंतर टाकावी.