निःशब्द सोबत

२६ मार्च २०२० रोजी, आपल्या देशात टाळेबंदी लागू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, 'नाइन इंच नेल्स' या अमेरिकन रॉक वृंदाने कोणतीही पूर्वसूचना न देता दोन ध्वनिसंग्रह इंटरनेटवरून श्रोत्यांना विनामूल्य दिले. 'घोस्ट्स' मालिकेचे हे पाचवे आणि सहावे भाग. एकाचे नाव 'टुगेदर', दुसऱ्याचे 'लोकस्ट्स'. म्हणजे 'एकत्र' आणि 'टोळ'. दोहोंत मिळून २३ रचना आहेत आणि सर्व केवळ वाद्यसंगीताच्या. अलीकडेच ते आम्ही सलग ऐकले. त्या प्रथम श्रवणाचे हे टिपण.

ट्रेंट रेझ्नर आणि अ‍ॅटिकस रॉस हे या संगीताचे कर्ते. रेझ्नर यांची ख्याती क्रोधाच्या व आत्मक्लेशाच्या कर्कश गीतांची. तथापि २००८ च्या मार्चमध्ये याच मालिकेचे पहिले चार भाग, ३६ शब्दहीन रचना, त्यांनी असेच अचानक प्रसृत केले होते. तेव्हा पहिल्या ९ रचना मोफत होत्या, सगळ्यांचे मोल ५ डॉलर होते. पुढे 'द सोशल नेटवर्क' या चित्रपटाच्या संगीतासाठी दोघांना ऑस्कर मिळाले. तेव्हा निःशब्दता त्यांना नवी नव्हे. नवे होते ते देण्याचे निमित्त.

'टुगेदर'मध्ये पियानोचे मोजके स्वर येतात आणि त्यांच्यामागे एक दीर्घ नाद सावकाश पसरत राहतो. रचना अवघ्या ८, पण ऐसपैस. 'एकत्र' असे नाव धारण करणाऱ्या या संग्रहातील सर्वांत प्रदीर्घ रचनेचे नाव मात्र 'अपार्ट', म्हणजे 'दुरावलेले' आहे! ती संयमाची परीक्षा पाहते, हे नमूद केले पाहिजे. 'लोकस्ट्स'च्या १५ रचना तुलनेने आखूड, अस्वस्थ आणि दचकविणाऱ्या. काही बहरण्यापूर्वीच तुटतात. पडद्यावर चित्र नसताना वाजणारे पार्श्वसंगीत आपण ऐकत आहोत, असे अधूनमधून वाटते. शीर्षके काढून घेतली तर त्यांतील कितीशा स्वतःच्या पायावर उभ्या राहतील, ही शंका उरतेच.

वसईच्या आपल्या उपासनेत शब्द पुढे चालतो आणि वाद्य त्याची साथ करते. २०२० च्या पवित्र सप्ताहात मंदिरांची दारे बंद होती, गायकवृंद मुके होते. २७ मार्चच्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस पावसात, रिकाम्या चौकात प्रार्थना करीत होते. त्या दिवसांत ओठांवरचे शब्दही अपुरे पडत. असे शब्द सरलेले असताना हे संगीत कोणतेही आश्वासन न देता नुसते जवळ बसून राहते. हेच त्याचे बळ.

क्रम विचार करण्याजोगा आहे. आपल्याकडे शुक्रवार आधी, रविवार नंतर. येथे दिलासा आधी येतो आणि भय मागाहून. 'टोळ' म्हटल्यावर निर्गम ग्रंथातील आठवी पीडा आपल्या वाचकांना आठवेलच. या संग्रहाची शेवटची रचना 'ऑलमोस्ट डॉन', म्हणजे 'पहाट होतच आली'. प्रत्यक्ष पहाट मात्र संगीतकार दाखवीत नाहीत. आमच्या मते हे संगीत ना शुक्रवारचे, ना रविवारचे. ते पवित्र शनिवारचे आहे, जेव्हा धोंड अजून जागेवर असते आणि घरात कोणी फारसे बोलत नाही. वाचकांनी ते दिलेल्या क्रमानेच, रात्री, दिवे मंद करून ऐकावे.