म्हैसूर सदाशिवराव : घरची भाषा आणि गाण्याची भाषा

एखाद्या कलावंताची गणना कोणत्या भाषेच्या खाती करावयाची, हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासात सहसा अडत नाही. ज्या भाषेत लेखन, ती त्याची भाषा. संगीताच्या बाबतीत मात्र हा निकष अपुरा पडतो. एकोणिसाव्या शतकात म्हैसूरच्या दरबारी आस्थानविद्वान म्हणून मान्यता पावलेले गायक, वाग्गेयकार व संगीतशिक्षक सदाशिवराव हे याचे ठळक उदाहरण होय. जन्म मराठी कुटुंबात, वास्तव्य कन्नड राज्यात आणि रचना तेलुगू व संस्कृत या भाषांत. परिणामी मराठी संगीतचर्चेत त्यांचा उल्लेख क्वचितच येतो; आणि आलाच तर दूरदेशी नाव काढलेला ‘आपला माणूस’ एवढ्या अभिमानापुरता येतो. उपेक्षा आणि अभिमान या दोहोंतही त्यांच्या रचनेचा विचार राहूनच जातो.

सदाशिवरावांचा जन्म आजच्या आंध्र प्रदेशातील चित्तूर भागात गिरिमपेट येथे एका महाराष्ट्रीय कुटुंबात झाला. संगीताचे शिक्षण त्यांनी वालाजापेटच्या वेंकटरमण भागवतरांकडे (१७८१–१८७४) घेतले. भागवतर हे त्यागराजांचे (१७६७–१८४७) साक्षात शिष्य. त्यामुळे सदाशिवराव त्या परंपरेच्या दुसऱ्याच पिढीत येतात. १८२५ ते १८३५ च्या दरम्यान केव्हातरी ते म्हैसूरला आले आणि तिसऱ्या कृष्णराज वडियारांच्या (१७९४–१८६८) दरबारात त्यांना आश्रय मिळाला. पुढील आयुष्य गायन, रचना आणि अध्यापन यांत गेले. त्यांच्या नावावर वर्ण, कृती व तिल्लाना अशा विविध प्रकारच्या रचना आहेत.

या विद्येचा प्रवास भाषेच्या दृष्टीने पाहिला, तर एक लक्षणीय गोष्ट दिसते. त्यागराज तमिळ प्रदेशात, कावेरीकाठी तिरुवैयारू येथे राहिले. त्यांच्या घरची आणि गाण्याची भाषा तेलुगू. त्यांचे शिष्य वेंकटरमण भागवतर हे सौराष्ट्री भाषा बोलणाऱ्या समाजातील. भागवतरांचे शिष्य सदाशिवराव मराठी घरातील, आणि त्यांना आश्रय देणारे राज्य कन्नड. गुरू, शिष्य आणि प्रशिष्य या तिघांच्या घरच्या भाषा तीन, परंतु गाण्याची प्रमुख भाषा एकच, तेलुगू. घरच्या भाषेहून निराळी अशी कलेची एक भाषा दक्षिणेत नांदत होती, आणि ती गुरुमुखातून सुरांबरोबरच शिष्याच्या स्वाधीन होत असे.

मराठीला या संगीतात स्थान नव्हते, म्हणून सदाशिवरावांनी तेलुगू पत्करली, असेही म्हणता येत नाही. तंजावरच्या शहाजीराजांच्या राजवटीत (१६८४–१७१२) दक्षिणी संगीताच्या साथीने मराठी नाटके व पदे रचली गेली होती. दक्षिणेतील मराठी माणसास मराठीत गेय रचना करण्याचा पायंडा ठाऊक नव्हता, असे मानण्यास आधार नाही. निवड झाली ती परंपरेच्या ओढीने झाली.

ही परकी भाषा त्यांनी कितपत आत्मसात केली, याची कसोटी रचनांतच पाहिली पाहिजे. कमलामनोहरी रागातील ‘नरसिंहुडु उदयिंचेनु’ या कृतीच्या पहिल्या दोन शब्दांकडे पाहावे. ‘नरसिंह’ आणि ‘उदय’ हे संस्कृत शब्द मराठी कानांस परिचित; परंतु ‘डु’ हा पुल्लिंगी प्रत्यय आणि नामाला क्रियापदत्व देणारा ‘इंचु’ ही शुद्ध तेलुगूची घडण होय. त्यागराज वालाजापेटला आले असता त्यांच्या गौरवार्थ रचलेल्या ‘त्यागराजस्वामि वेडलिन’ या तोडी रागातील कृतीत तर क्रियापदाचा धातूही देशी तेलुगूच आहे. ‘वेडलिन’ म्हणजे ‘निघालेला’. नामाला विशेषण म्हणून जोडले जाणारे हे धातुसाधित मराठी भाषकास घडणीने परके वाटण्याचे कारण नाही. दक्षिणी भाषांच्या सहवासात मराठीनेही अशी रचना मुक्तपणे वापरली आहे.

छंदाच्या बाबतीत मात्र अंतर मोठे आहे. ओवी-अभंगांचे यमक चरणाच्या अंती पडते. तेलुगू रचनेतील प्रास चरणाच्या दुसऱ्या अक्षरावर साधावा लागतो. म्हणजे कानाला ज्या जागी यमकाची अपेक्षा, ती जागाच चरणाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न्यावी लागते. नाममुद्रेचेही तसेच. अभंगात कवीचे नाव उघडपणे येते. ‘सदाशिव’ ही मुद्रा रचनाकाराचेही नाव आणि देवतेचेही, त्यामुळे ती अर्थात मिसळून जाते.

तथापि गुणगौरवाबरोबर एक मर्यादाही नोंदविणे प्राप्त आहे. त्यागराजांच्या कृतींत घरगुती तेलुगूचा बोलका सूर आहे. ते रामाशी भांडतात, रुसतात, जाब विचारतात. सदाशिवरावांच्या वरील दोन कृती आणि सावेरी रागातील ‘श्रीकामकोटिपीठस्थिते’ ही संस्कृत कृती, या तिन्हींचा कल वर्णनाकडे व स्तुतीकडे आहे. तेवढ्यावरून त्यांच्या समग्र रचनेविषयी निर्णय देता येणार नाही. परंतु अभ्यासाने मिळविलेल्या भाषेत प्रौढी सुलभ असते आणि सलगी दुर्मीळ, हे या तीन कृतींत तरी जाणवते. ही उणीव भरून निघते ती सुरांत. कमलामनोहरीसारख्या ऋषभ वर्ज्य असलेल्या, आरोहात धैवतही न घेणाऱ्या विरळ रागाला त्यांनी भारदस्त रूप दिले. नरसिंहाचे चित्र त्यांच्या गाण्याने तडकल्याची आख्यायिका या कृतीभोवती गुंफली गेली आहे. समीक्षकाने तिच्यावर भिस्त ठेवण्याचे कारण नाही, परंतु श्रोत्यांच्या मनावरील परिणामाची खूण म्हणून ती ध्यानात घ्यावी.

शिक्षक म्हणून सदाशिवरावांचे महत्त्व विशेष आहे. म्हैसूरचे थोर वैणिक शेषण्णा (१८५२–१९२६) आणि सुब्बण्णा यांनी त्यांच्याकडे गायनाचे शिक्षण घेतले. वीणावादकाने कंठसंगीत शिकावे, यात औचित्य आहे. कृती वाजविताना तारेवरील आघात साहित्याच्या अक्षरांना धरून पडतो. शब्द मुखोद्गत नसेल, तर आघाताची जागाच चुकते. म्हणजे मराठी घरातील गायकाने आत्मसात केलेली तेलुगू अक्षरे कन्नड राज्यातील वैणिकांच्या बोटांत उतरली. शब्द ऐकू येत नाही तेथेही भाषा कार्य करीत असते, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

सदाशिवरावांना मराठी म्हणून मिरविणे सोपे आहे आणि तेलुगूचे म्हणून सोडून देणे त्याहून सोपे. दोन्हींत भाषा ही जन्माने मिळालेली मिळकत मानली जाते. त्यांचे चरित्र सांगते की भाषा शिष्यत्वानेही मिळते, आणि अशी मिळालेली भाषा तिच्या गुणमर्यादांसह कलेत उमटते. मराठी, कन्नड आणि तेलुगू या तीन भाषा पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत आलेल्या सोलापुरात हे निराळे सांगावयास नको. येथे घरची भाषा एक आणि शाळेची वा पेठेची दुसरी, हा अनेकांचा नित्याचा अनुभव आहे. महाराष्ट्राच्या संगीताचा इतिहास केवळ मराठी पदांच्या आधारे लिहिला, तर सदाशिवरावांसारखी माणसे त्यात बसणार नाहीत. ती बसावयाची असतील, तर गाण्याची भाषा आणि गाणाराची भाषा ही दोन खाती वेगळी मांडूनच तो लिहावा लागेल.