उल्लेख किती, उपयोग कुणाला? जनुकशास्त्रातल्या संशोधनाची मोजदाद

एखाद्या जनुकशास्त्रज्ञाची ओळख करून देताना हल्ली आपण काय सांगतो? शोधनिबंध इतके, उल्लेख इतके, एच-निर्देशांक इतका. हा निर्देशांक हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली सुचवला. समजा तो वीस आहे. म्हणजे त्या माणसाच्या वीस निबंधांचा प्रत्येकी किमान वीस वेळा कुणीतरी उल्लेख केला. आकडा खोटा नसतो. पण तो कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे, हे विचारायचं राहून जातं. माझा आक्षेप तेवढाच आहे.

याविरुद्ध नेहमी मेंडेलचं उदाहरण देतात. १८६६ चा त्याचा निबंध १९०० पर्यंत जवळपास दुर्लक्षित राहिला. पण त्यातून एवढंच सिद्ध होतं की उल्लेख उशिरा येतात. माझी अडचण उशिराची नाही. उल्लेख म्हणजे एका संशोधकाने दुसऱ्याला दिलेली पोच. ज्याच्याविषयी संशोधन झालं, तो माणूस या व्यवहारात कुठेच नसतो.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे बघा. सिकलसेलचं मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे, हे पाउलिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवलं. मध्य भारतात हा दोष आहे, हे नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं २०२३ मध्ये. मधे पासष्ट वर्षं गेली! वाहक माणूस बहुधा ठणठणीत असतो. पण आई-बाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. हे ज्ञान घरात वेळेवर पोचलं तर त्याला अर्थ. ते पोचलं की नाही, याची नोंद कुठल्याही उल्लेख-सूचीत होत नाही.

आता दुसरं उदाहरण. १९८६ पासून गडचिरोलीत काम करणाऱ्या ‘सर्च’ संस्थेच्या सुरुवातीच्या अभ्यासांत सिकलसेलही होता. तो प्रश्न संशोधकांचा होता, लोकांनी मागितलेला नव्हता, असं डॉ. अभय बंग यांनीच सांगितलं आहे. पुढे बंग दांपत्य बालमृत्यूंकडे वळलं. घरीच नवजात बाळाची काळजी घेण्याच्या पद्धतीवरचा त्यांचा निबंध १९९९ मध्ये आला, आणि ती पद्धत पुढे आशा कार्यकर्तीच्या कामात उतरली. हा निबंधही ‘लॅन्सेट’मध्येच आला होता. म्हणजे नियतकालिकाच्या नावावरून या दोन निबंधांतला फरक कळणार नाही. दोष शुक्ला-सोलंकींचा नाही. त्यांनी जे पाहिलं ते सांगितलं. ते पुढे नेणारी साखळीच नव्हती.

पण म्हणून ‘समाजावरचा प्रभाव’ मोजा, एवढं म्हणून भागत नाही. प्रभावाला चांगली-वाईट दिशा असते. तपासणी झाली, समुपदेशन झालं नाही, आणि ‘वाहक’ या शब्दामुळे एखाद्या मुलीची सोयरीक मोडली, तर तोही प्रभावच की! उल्लेखांचंही तसंच. खोडून काढण्यासाठी केलेला उल्लेखही बेरजेत जमाच होतो.

मग आकडे फेकून द्यायचे का? नाही. वशिला आणि गटबाजी यांवरचा उतारा म्हणून आकड्यांना किंमत आहे. पण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी गुणांकन आणलं, आणि औषधाचंच पथ्य मोडलं. पदोन्नतीसाठी छापणं हा अनेकांचा धर्म झाला. नियतकालिकाच्या निर्देशांकावरून माणूस जोखू नका, असं २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यातही सांगितलेलं आहे.

२०११ साली स्थापन झालेलं गोंडवाना विद्यापीठ याच दोन जिल्ह्यांचं आहे. तिथे जनुकशास्त्राच्या संशोधकाचं मूल्यमापन करताना आकड्यांच्या शेजारी आणखी एक रकाना ठेवावा: ज्यांचं रक्त घेतलं, त्यांना निकाल कळवला का, आणि कोणत्या भाषेत? गोंडीत, माडियात, की इंग्रजी पुरवणीत? हा रकाना रिकामा असेल, तर संशोधन खोटं ठरत नाही. पण ते अर्धं आहे, एवढं तरी समितीने लेखी नोंदवावं.