दूरस्थ प्रयोगशाळा : समान संधीच्या दाव्याचे परीक्षण

अभियांत्रिकी शिक्षणात दूरस्थ प्रयोगशाळेचा पुरस्कार प्रामुख्याने समान संधीच्या नावाने केला जातो. उपकरण एका संस्थेत असावे, ते इंटरनेटला जोडलेले असावे आणि दूरच्या विद्यार्थ्याने ते आपल्या संगणकावरून चालवावे, अशी ही कल्पना आहे. प्रस्तुत लेखात या दाव्याचे परीक्षण केले आहे.

प्रथम संज्ञेतील गोंधळ दूर करणे आवश्यक ठरते. केंद्र शासनाच्या 'व्हर्च्युअल लॅब्ज' प्रकल्पातील बहुतांश प्रयोग हे संगणकीय प्रतिरूपण आहे. तेथे विद्यार्थ्यासमोर समीकरण असते, उपकरण नसते. याउलट आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या मार्गदर्शनाखाली विकसित झालेली 'सिंगल बोर्ड हीटर सिस्टिम' ही खऱ्या अर्थाने दूरस्थ प्रयोगशाळा होय. पोलादाची लहान पट्टी, ती तापविणारी तार, थंड करणारा पंखा, तापमान-संवेदक व सूक्ष्मनियंत्रक एवढेच तिचे घटक. विद्यार्थी आपल्या संगणकावर सायलॅबमध्ये नियंत्रणाचा प्रोग्रॅम लिहितो आणि पवईतील पट्टीचे तापमान राखण्याचा प्रयत्न करतो.

या रचनेचे शैक्षणिक मूल्य तिच्या अपूर्णतेत आहे. खोलीतील हवा बदलली की वाचन बदलते. आजचा आलेख कालच्या आलेखाशी तंतोतंत जुळत नाही. सिद्धान्त व वस्तू यांतील ही तफावत समजावून सांगणे म्हणजेच प्रयोग करणे होय. प्रतिरूपणात ही तफावत मुद्दाम घालावी लागते.

तथापि, समान संधीचा दावा येथेच तपासावा लागतो. नियंत्रणाचा प्रोग्रॅम विद्यार्थ्याच्या संगणकावर चालत असेल, तर तापमानाचे प्रत्येक वाचन व प्रत्येक आज्ञा इंटरनेटवरून जाते. कर्जत-खालापूर परिसरातील एखाद्या ठाकुरवाडीतून, डोंगराआड मोबाईलच्या क्षीण संकेतावर प्रयोग करणाऱ्या विद्यार्थ्याच्या आलेखात पट्टीच्या उष्णतेबरोबर जोडणीचा विलंबही नोंदला जातो. परीक्षकाने तो आलेख केवळ 'चुकीचा' ठरविला, तर आपण विद्यार्थ्याच्या आकलनाचे नव्हे, त्याच्या गावाचे मूल्यमापन करतो. २०२० च्या टाळेबंदीत प्रात्यक्षिके ऑनलाइन झाली, तेव्हापासून हा प्रश्न अधिकच गंभीर बनला आहे.

दुसरी मर्यादा हाताच्या अनुभवाची. तार सैल राहणे, जोडणी उलटी होणे, फ्यूज जाणे हे दूरस्थ प्रयोगात विद्यार्थ्याच्या वाट्याला येत नाही. कारण जुळवणी आधीच कोणी तरी करून ठेवलेली असते.

यावर उपाय अशक्य नाहीत. प्रोग्रॅम उपकरणाशेजारच्या संगणकावर चालविण्याची सोय द्यावी. विद्यार्थ्याने तो पाठवावा आणि निष्कर्ष नंतर उतरवून घ्यावेत. प्रयोगवहीत मूळ वाचने वेळेसह मागवावीत आणि तफावतीच्या स्पष्टीकरणास गुण द्यावेत. असे एक साधे उपकरण प्रत्येक विद्यार्थ्याने महाविद्यालयात एकदा तरी स्वहस्ते जुळवावे.

सारांश, दूरस्थ प्रयोगशाळा ही प्रयोगशाळेस पूरक आहे, पर्याय नव्हे. उपकरण दूर असले तरी चालेल. मात्र त्या अंतराची किंमत एकट्या विद्यार्थ्याने मोजावी, हे न्याय्य नाही.