चित्रण कोणाच्या कपाटात?

बदलापूरच्या शाळेतील प्रकरणानंतर २१ ऑगस्ट २०२४ रोजी शासन निर्णय निघाला: महिनाभरात शाळाशाळांत सीसीटीव्ही. आपल्या गडहिंग्लजच्या शाळाही त्यात आल्याच. पण त्या शाळेत कॅमेरेच नव्हते, असं थोडंच होतं? १५ दिवसांचं चित्रण गायब आहे, हे तेव्हाचे शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनीच सांगितलं. चौकशी ज्यांची व्हायची, चित्रणही त्यांच्याच कपाटात! आम्ही टीका करतो ती इथे.

जेरेमी बेंथमचा पॅनॉप्टिकॉन हा तुरुंगाचा आराखडा १७९१ मध्ये छापला गेला. मनोऱ्यातला पहारेकरी सगळ्यांना पाहणार, तो मात्र कुणाला दिसणार नाही. फूकोमुळे एवढंच आपल्याला पाठ आहे. त्या मनोऱ्यात सामान्य लोकांना येऊ द्यावं, म्हणजे पहारेकऱ्यावरही नजर राहील, हे बेंथमनेच लिहिलंय. ते कोण वाचतो?

इंटरनेटला जोडलेल्या कॅमेऱ्यांचं चित्रण शाळेबाहेर साठवता येतं, शाळेला परस्पर पुसता येऊ नये अशी सोयही करता येते. फायदा मोठा आहे. पण पहिलीतल्या पोरीचं रोजचं हसणं-रडणं मग कुठल्या कंपनीकडे, किती दिवस राहणार? आमच्या मते ते ठराविक दिवसांनी पुसलं जावं. तक्रार आली की मात्र आहे तसं राखून ठेवावं, आणि उघडताना पालक व सखी सावित्री समिती समोर हवी.

आणि बदलापूरची तक्रार स्वच्छतागृहातली होती. तिथे कॅमेरा लावताच येत नाही. तिथे बाई मदतनीसच नेमावी लागते, पगार देऊन.