शिलेखान्याची विक्री आणि बंदुकांवरील अक्षरें

काठमांडू येथील लगन सिलेखान्यांत साठविलेलीं जुनीं शस्त्रें इंटरनॅशनल मिलिटरी अँटिक्स व अटलांटा कटलरी या दोन अमेरिकन व्यापारी संस्थांनीं २००३ सालीं नेपाळ सरकारकडून विकत घेतलीं. त्यांत बंदुकाच ५०,००० हून अधिक होत्या. पुढें त्या सुट्या सुट्या संग्राहकांस विकण्यांत आल्या. ‘शिलेखाना’ हा शब्द मराठी दफ्तरें चाळणारास परका नाहीं. या विक्रीनें उपस्थित केलेला प्रश्नही त्यास परका वाटूं नये. म्हणून तिचें परीक्षण येथें करावयाचें आहे.

या साठ्याचें खरें महत्त्व एकेका नगाच्या दुर्मिळतेंत नव्हतें. ईस्ट इंडिया कंपनीच्या नमुन्याची चकमकीची बंदूक, १८३७ सालची ब्रन्स्विक रायफल, १८७१ सालची मार्टिनी-हेन्री, परकीय नमुन्यांवरून नेपाळांतच घडविलेल्या बंदुका आणि जनरल गेहेन्द्र शमशेर यांच्या नांवाची रायफल, अशी परंपरा तेथें एकत्र होती. १८१४-१६ च्या युद्धांत इंग्रजांशीं लढलेलें व १८५७-५८ त त्यांच्याच मदतीस गेलेलें राज्य आपलें सैन्य कसें सज्ज करीत गेलें, याचा तो सलग पुरावा होता.

या पुराव्याचा बोलका भाग म्हणजे बंदुकांवरील लेख. कित्येक बंदुकांच्या नळीवर किंवा दस्त्याच्या पितळी पत्र्यावर देवनागरी अक्षरें व आंकडे कोरलेले आहेत. त्यांवरून पलटण, नगाचा क्रमांक, क्वचित् संवत्‌ही कळतो. विक्रीच्या वर्णनांत मात्र या अक्षरांस पुष्कळदां नुसतें ‘संस्कृत’ म्हणून वाटेस लावलेलें दिसतें. देवनागरी ही लिपि आहे, संस्कृत ही भाषा आहे, आणि नेपाळी ही दुसरी भाषा आहे, एवढा विवेकही तेथें राहत नाहीं. संवताचेंही तसेंच. नेपाळांतील संवत् विक्रमाचा. संवत् १९४२ म्हणजे इ. स. १८८५-८६. हाच आंकडा इसवी सनाचा मानला तर बंदूक दुसऱ्या महायुद्धांतील ठरेल! अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्यानें १८९८ सालीं किंवा तत्पूर्वीं बनलेली बंदूक पुराणवस्तु गणली जाते. तेव्हां अक्षरें नीट वाचण्यांत विक्रेत्याचाही स्वार्थ आहे.

दुसरा आक्षेप प्रतवारीविषयीं. साफ न केलेला नग, साफ केलेला नग, निवडक नग, अशा प्रती लोखंडाच्या व लाकडाच्या स्थितीवरून लावितात. परंतु गंजावर तारेचा कुंचा आणि कानस चालली कीं उथळ अक्षरें आधीं जातात. पोथीचें पान उजळ दिसावें म्हणून तिची शाई धुवून टाकणारास आपण काय म्हणूं?

विक्रीच व्हावयास नको होती, असें आमचें म्हणणें नाहीं. कोठारांत पडून राहिलेलें लोखंड गंजतें, आणि मोडीच्या भावानें वितळविलेल्या बंदुकीवर कोणतेंच अक्षर उरत नाहीं. व्यापाऱ्यांनीं तें संकट टाळलें, याचें श्रेय त्यांस दिलेंच पाहिजे. वाद आहे तो क्रमाचा. रुमाल सोडून कागद वाटण्यापूर्वीं त्यांची यादी करावी लागते. शिलेखान्यासही तोच नियम लागू आहे. एका नगाचें सुंदर वर्णन समूहाच्या यादीची जागा घेऊं शकत नाहीं.

आपल्याकडील जुन्या घराण्यांनीं यावरून बोध घ्यावा. १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्यान्वयें शंभर वर्षांवरील बंदूक ही पुरावस्तु ठरते व ती खाजगी रीतीनें परदेशीं पाठवितां येत नाहीं. १९५९ च्या शस्त्रकायद्याची सूट पुराणमूल्याच्या ज्या हत्यारास मिळते, तें दुरुस्त करूनही चालण्याजोगें असतां कामा नये. म्हणून ती सूट मिळविण्याच्या घाईंत नळीला भोंक पाडणें किंवा चाप मोडणें हें पुरावा नष्ट करणें होय. आधीं जाणत्यास दाखवावें. आणि विकण्यापूर्वीं अक्षरांचे ठसे घ्यावे, नळीचें माप लिहावें, बंदूक कोणत्या घरांतून, कोणत्या कागदांबरोबर निघाली तें नोंदवावें, व त्या टिपणाची एक प्रत घेणारास द्यावी. बंदूक हातोहात फिरेल. टिपण तिच्याबरोबर फिरलें तरच तिचा इतिहास शाबूत राहील.